मोठ्या विद्यापीठाची भीती कशाला?

रायगडातल्या मोहोपाड्यापासून चौक-खालापूरपर्यंत आता अशी बरीच घरं आहेत, जिथे मुलाने किंवा मुलीने केमिस्ट्रीत बीएस्सी नाहीतर इंजिनिअरिंग केलं आहे आणि रात्री जेवताना जर्मनीचा विषय निघतो. विषय निघाला की सल्ला देणाऱ्यांची वानवा नसते. पनवेलच्या कन्सल्टन्सीतला माणूस असो, पुण्यात आयटीत असलेला आतेभाऊ असो की कंपनीतून निवृत्त झालेले शेजारचे काका, सगळ्यांचं म्हणणं थोड्याफार फरकाने एकच असतं. तिकडच्या सरकारी विद्यापीठात घालू नका. चाळीस-पन्नास हजार पोरं असतात, कुणी कुणाला विचारत नाही, आपलं मूल गर्दीत हरवतं. शिवाय फी नाही म्हणतात, फुकटची गोष्ट कधी चांगली असते का? त्यापेक्षा चार पैसे जास्त गेले तरी खासगीत घाला, तिथे लक्ष देतात. आणि संशोधनाचं खूळ डोक्यात शिरू देऊ नका. पदवी घ्यायची, नोकरी धरायची.

हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, यात शंका नाही. पण तो चुकीचा आहे, आणि त्याच्यापायी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घराचे वीस-पंचवीस लाख नको तिथे जातात. त्याहून मोठं नुकसान असं, की संशोधनाच्या दारापर्यंत सहज पोचली असती अशी मुलं त्या दाराकडे पाठ करून उभी राहतात. म्हणून या सल्ल्यातला एकेक मुद्दा तपासून पाहायला हवा.

आधी गर्दीचं बघू. म्युनिकचं लुडविग माक्सिमिलियन विद्यापीठ किंवा कोलोन विद्यापीठ घेतलं तर विद्यार्थी पन्नास हजारांच्या आसपास भरतात. आकडा ऐकून रायगडातल्या पालकाला धडकी भरते. पण रायगडातला बीएस्सीचा मुलगा आज ज्या विद्यापीठाचा विद्यार्थी आहे, त्या मुंबई विद्यापीठाशी आठशेहून अधिक महाविद्यालयं जोडलेली आहेत आणि त्याची विद्यार्थिसंख्या लाखांत मोजतात. गर्दीचीच भीती असेल तर ती मुलाने कधीच ओलांडली आहे.

खरा फरक संख्येत नाही, रचनेत आहे. 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, म्हणजे परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था म्हणून. शिकवायचं काम महाविद्यालयांनी करायचं, विद्यापीठाने प्रश्नपत्रिका काढायच्या. पुढे विभाग आले, संशोधन आलं, पण पदवीच्या विद्यार्थ्याचं आयुष्य महाविद्यालयातच राहिलं. त्याला शिकवणारे प्राध्यापक कितीही तळमळीचे असले तरी त्यांच्याकडे स्वतःची संशोधनाची प्रयोगशाळा बहुतेक वेळा नसते, आणि ती नसण्यात त्यांचा दोष नसतो.

बर्लिनचं विद्यापीठ 1810 साली सुरू झालं ते अगदी उलट्या विचाराने. विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांचा आग्रह होता की जो नवं शोधतो त्यानेच शिकवावं आणि जो शिकतो त्याने शोधण्यात भाग घ्यावा. हा आदर्श प्रत्यक्षात कुठे-कुठे किती पाळला गेला यावर जर्मन लोक आजही भांडतात. तरी मोठ्या सरकारी विद्यापीठात रचनाच अशी आहे की पहिल्या सत्राच्या मुलांना सामान्य रसायनशास्त्राचं व्याख्यान देणाऱ्या प्राध्यापकाचा स्वतःचा संशोधनगट त्याच इमारतीत काम करत असतो. सभागृहात तीनशे मुलं असतील, असतातच. पण त्या सभागृहातून प्रयोगशाळेपर्यंतचं अंतर एका जिन्याचं असतं, आणि तो जिना चढायला मज्जाव नसतो.

मास्टर्सचा अभ्यासक्रम पाहिला की हे आणखी स्पष्ट होतं. दोन वर्षं, युरोपीय हिशेबाने 120 श्रेयांक. त्यातला चौथा हिस्सा, 30 श्रेयांक, शेवटच्या सहा महिन्यांच्या प्रबंधाला असतो. त्याच्या आधी रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगवेगळ्या संशोधनगटांत काही आठवडे राबावं लागतं. तिथे त्याच्या शेजारच्या टेबलावर पीएचडी करणारी मुलगी असते, पलीकडे पोस्ट-डॉक असतो, आठवड्याच्या बैठकीत त्याला स्वतःचं काम मांडावं लागतं आणि प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. पन्नास हजारांचं विद्यापीठ या पातळीवर पंधरा-वीस माणसांचं होतं. गर्दीत हरवण्याची गोष्ट सांगणाऱ्यांनी सभागृह पाहिलेलं असतं, हा गट पाहिलेला नसतो.

आता 'कुणी विचारत नाही' हा आक्षेप. हा मात्र बराचसा खरा आहे आणि तो झाकून ठेवणं म्हणजे पालकांची फसवणूक होईल. व्याख्यानाला हजेरी बहुधा घेत नाहीत. परीक्षेला बसायचं तर मुदतीत स्वतः नाव नोंदवायचं. विसरलात तर वर्गशिक्षक घरी फोन करत नाहीत. वेळापत्रक स्वतः लावायचं. प्रात्यक्षिकाच्या आधी तोंडी विचारतात आणि तयारी नसेल तर त्या दिवशी प्रयोगाला हात लावू देत नाहीत. बहुतेक ठिकाणी एका विषयाच्या परीक्षेला दोन किंवा तीनच संधी असतात. त्या संपल्या की नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे करण्याची वाटही सहसा बंद होते. एटीकेटीवर वर्षं काढण्याची सवय असलेल्याला हा नियम कठोर वाटेल. तो कठोर आहेच. गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात अनेक मुलं एकटी पडतात, रडतात, घरी फोन करून परत येतो म्हणतात, हेही खरं.

पण 'म्हणून जाऊ नये' हा निष्कर्ष यातून निघत नाही. संशोधन म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर मार्गदर्शकालाही ठाऊक नाही त्याच्यासमोर बसणं. तिथे नोट्स नसतात आणि महत्त्वाचे प्रश्न लाल पेनाने अधोरेखित केलेले नसतात. ज्याला बावीस वर्षांपर्यंत प्रत्येक पावलाला कुणीतरी सांगत आलं आहे, त्याला ही सवय कधीतरी लावून घ्यावीच लागते. मोठं जर्मन विद्यापीठ ती पहिल्या सत्रापासून लावतं, आणि आपल्या मताने चालणाऱ्या विद्यार्थ्याला उभं राहायला जागाही देतं. मराठी वाचकाला हे पटवायला परकी उदाहरणं शोधायची गरज नाही. मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे आहेत.

नोव्हेंबर 1928 मध्ये इरावतीबाई बर्लिनला पोचल्या. वय तेवीसच्या आत. पती दिनकर कर्वे स्वतः जर्मनीतून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेले, त्यामुळे बायकोनेही तिकडे शिकावं हा त्यांचा आग्रह. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे, स्त्रीशिक्षणाला आयुष्य वाहिलेले, पण सुनेच्या परदेशी जाण्याला त्यांची संमती नव्हती. पैसे काँग्रेसचे जीवराज मेहता यांच्याकडून कर्जाऊ घेतलेले. म्हणजे आज मोहोपाड्यातल्या घरात ज्या तीन गोष्टींवरून वाद होतो, घरातल्या वडीलधाऱ्यांचा विरोध, कर्ज आणि मुलीला एवढ्या लांब पाठवायचं का, त्या तिन्ही तेव्हाही होत्या.

बर्लिनच्या दाहलेम भागात नुकतीच, 1927 साली, कैसर विल्हेल्म संस्थेची मानववंशशास्त्राची शाखा उघडली होती. संचालक ऑयगेन फिशर. नाव मोठं, आणि त्या नावामागचा विचार विषारी. युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजू इतरांपेक्षा अधिक असमान असाव्यात आणि ही असमानता त्याच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण असावी, अशी फिशरांची धारणा होती. मानवी कवटीतली असमानता हाच विषय त्यांनी या हिंदुस्थानी मुलीला दिला. अपेक्षा उघड होती: मोजमापं घ्यावीत आणि गुरूच्या मताला आधार मिळावा.

इरावतीबाईंनी मोजमापं घेतली. त्यांच्या हाती आलेल्या कवट्यांपैकी काही पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या होत्या. कुणाच्या तरी पूर्वजांचे हे अवशेष कसे गोळा झाले असतील याचा विचार आज वाचणाऱ्याला अस्वस्थ करतो. आकडे मांडल्यावर त्यांनी लिहिलं ते असं की असमानता सगळ्याच कवट्यांत सापडते आणि तिचा वंशाशी संबंध दिसत नाही. विद्यार्थिनी, परदेशी, गुलाम देशातली, आणि मार्गदर्शक युरोपातला नामांकित प्राध्यापक. तरी निष्कर्ष आकड्यांच्या बाजूने लिहिला गेला आणि 1930 मध्ये बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना मिळाली. तीनच वर्षांनी फिशर त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि नाझींच्या वंशधोरणाचे समर्थक म्हणून इतिहासात राहिले.

इथे फिशरांच्या मनाचा मोठेपणा पाहायचं कारण नाही. पाहायचं ते असं की मोजमाप नीट केलं असेल, पद्धत तपासता येत असेल, तर गुरूला न रुचणारा प्रबंधही नाकारणं अवघड जावं, अशी रीत त्या विद्यापीठात तेव्हा जिवंत होती. पुढे तीच रीत नाझींनी मोडली, हजारो अध्यापकांना हाकललं, आणि जर्मन विद्यापीठांना सावरायला काही दशकं लागली. इरावतीबाई मात्र ती रीत घेऊन पुण्यात आल्या. 1939 मध्ये त्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. 1953 साली भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ आला, आणि 'युगान्त'मध्ये महाभारतातली माणसं त्यांनी ज्या निर्भयतेने तपासली ती निर्भयता वाचकांना ठाऊकच आहे. त्या निर्भयतेचा सगळा उगम बर्लिनमध्ये होता असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल. पण तिची पहिली कठीण परीक्षा तिथे झाली, आणि तिथे त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्या एकट्या नाहीत. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले आणि मग बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्याकडे संस्कृतासाठी गेले. शेकडो हस्तलिखितं एकमेकांशी ताडून पाठ ठरवण्याची जी शिस्त पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत दिसते ती त्या शाळेतली आहे. त्याच संस्थेचे पांडुरंग दामोदर गुणे लाइपझिगचे. रा. ना. दांडेकर 1938 मध्ये हायडेलबर्गहून डॉक्टरेट घेऊन आले आणि 1939 पासून त्यांनी भांडारकर संस्थेच्या चिटणीसपदाची धुरा कित्येक दशकं वाहिली. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर वनस्पतिशास्त्र शिकायला 1914 साली जर्मनीला गेले, पहिलं महायुद्ध पेटलं, शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून त्यांना अटकेत राहावं लागलं, तरी बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊनच ते परतले. 1946 मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली ती त्यांच्या हातून. तिची संशोधन संस्था आज त्यांच्याच नावाने चालते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 1921 साली बॉन विद्यापीठात नाव घातलं होतं. लंडनच्या अभ्यासामुळे ते तिथे हजर राहू शकले नाहीत आणि पुढच्या वर्षी नाव कमी झालं, पण कोलंबिया आणि लंडन पाहिलेल्या विद्यार्थ्याला तिसरं विद्यापीठ जर्मनीतलं हवंसं वाटलं होतं, ही नोंद विसरू नये. यातली सगळी जर्मन विद्यापीठं सरकारी.

फुकटच्या गोष्टीला किंमत नसते, हे वाक्य आता बघू. जर्मन विद्यापीठांत फी नाही ती कुणी लक्ष दिलं नाही म्हणून राहून गेलेली नाही. 2005 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने राज्यांना फी लावायची मोकळीक दिली. बऱ्याच राज्यांनी सत्राला 500 युरोपर्यंत फी लावूनही पाहिली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, निवडणुकांत तो मुद्दा झाला. बव्हेरियात 2013 च्या जानेवारीत मतदारांनी सह्यांची मोहीम यशस्वी केली आणि सरकारला फी मागे घ्यावी लागली. लोअर सॅक्सनीने 2014 मध्ये ती रद्द केली आणि हा प्रयोग संपला. एका श्रीमंत देशाने फी घेऊन पाहिली आणि विचारपूर्वक सोडून दिली. त्या निर्णयाचा खर्च तिथला करदाता उचलतो, आणि आपलं मूलही त्याच्या पैशावर शिकतं. अशा व्यवस्थेला हलकी म्हणणं हा कृतघ्नपणा आहे.

तरी 'फुकट' हा शब्द कन्सल्टन्सीच्या फलकावरून काढायला हवा, कारण तो अर्धवट आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून 2017 च्या हिवाळी सत्रापासून सत्राला 1,500 युरो घेतं. हायडेलबर्ग, स्टुटगार्ट, कार्ल्सरूह त्याच राज्यात आहेत. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने 2024 च्या हिवाळी सत्रापासून अशाच विद्यार्थ्यांना सत्राला 2,000 ते 6,000 युरो फी लावली आहे. बाकी बहुतेक ठिकाणी फी नाही, पण सत्राची वर्गणी शे-दोनशे-तीनशे युरो असते आणि तिच्यात पुष्कळदा बस-रेल्वेचा पास येतो. व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो जर्मन बंद खात्यात दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाख रुपयांच्या घरात. त्यातून महिन्याला 992 युरो हातात येतात. म्युनिकमध्ये तेवढ्यात भागवणं कठीण, हाले किंवा माग्डेबुर्गसारख्या गावात शक्य. आरोग्यविमा महिन्याला दीडशे युरोच्या आसपास. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर 2022 पासून शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे, त्याचे 18,000 रुपये. ही बेरीज मोहोपाड्यातल्या पगारदार घराला जड आहे. पण बंद खात्यातले पैसे कुणाच्या खिशात जात नाहीत, ते मुलाच्याच भाकरीचे असतात. शिवाय वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करण्याची परवानगी असते, आणि विद्यापीठातच संशोधनगटाचा मदतनीस म्हणून काम मिळालं तर पैसा आणि शिक्षण दोन्ही हाती लागतं.

खासगीचा हिशेब याच्या शेजारी मांडावा. राहण्याजेवणाचा खर्च तोच, बंद खातं तेच, व्हिसा तोच, आणि वर दरवर्षी दहा हजार युरोच्या आसपास किंवा त्याहून जास्त फी. त्या बदल्यात लक्ष देतात म्हणे. काही खासगी संस्था खरोखर चांगल्या आहेत आणि त्यांना सरकारी मान्यताही आहे. पण बऱ्याच संस्थांना डॉक्टरेट देण्याचा अधिकार नाही, आणि प्रयोगशाळा लागणारे मूलभूत विज्ञानाचे विषय त्यांच्याकडे फारसे सापडत नाहीत, कारण त्या प्रयोगशाळा उभारणं महाग असतं. बहुतेक ठिकाणी भर व्यवस्थापन, मार्केटिंग, डेटा यांवर. केमिस्ट्रीतल्या मुलीला तिथे पाठवणं म्हणजे तिला तिच्या विषयातून बाहेर काढणं. मग हा सल्ला इतका का दिला जातो? खासगी संस्था दलालाला प्रवेशामागे कमिशन देतात. सरकारी विद्यापीठ कुणालाच देत नाही. सल्ला घेणाऱ्या प्रत्येक पालकाने समोरच्या माणसाला एवढा एक प्रश्न स्पष्ट विचारावा: तुमचे पैसे कोण देतं?

संशोधनाचं खूळ नको, या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं. जर्मनीत पीएचडी हा बहुतेक वेळा वर्ग भरवून शिकायचा अभ्यासक्रम नसतो. एका प्राध्यापकाने विद्यार्थ्याला आपल्या गटात घ्यायचं, त्याने तीन-चार वर्षं संशोधन करायचं, आणि विज्ञानशाखांत त्यासाठी त्याला बहुधा सार्वजनिक वेतनश्रेणीत पगार मिळतो. पूर्ण पगार नव्हे. अर्धी, दोन तृतीयांश किंवा तीन चतुर्थांश जागा असते. तरी त्यात एकट्या माणसाचं घर चालतं आणि कर्जाचा हप्ता जातो. कैसर विल्हेल्म संस्थेची वारसदार असलेल्या माक्स प्लांक संस्थेत काम केलं तरी पदवी विद्यापीठच देतं, इरावतीबाईंच्या वेळी होतं तसंच.

या व्यवस्थेचे दोष तिथलेच संशोधक मोठ्याने सांगत आहेत. 2007 च्या कायद्यानुसार डॉक्टरेटच्या आधी सहा आणि नंतर सहा वर्षं मुदतीच्या करारावर ठेवता येतं. पुढे कायम जागा मिळाली तर ठीक, नाहीतर चाळिशीत नव्याने सुरुवात. 2021 मध्ये, सरकारी चित्रफितीतल्या हाना नावाच्या काल्पनिक संशोधिकेवरून घेतलेल्या 'मी हाना आहे' या घोषवाक्याखाली हजारो संशोधकांनी आपली परिस्थिती जाहीर मांडली. प्राध्यापकाच्या हाती फार सत्ता एकवटते, आणि विद्यार्थी परदेशी असेल तर त्याचा व्हिसाही अप्रत्यक्षपणे त्या सत्तेशी बांधला जातो. प्राध्यापक होण्याचं स्वप्न घेऊन जाणाऱ्याने हे आधी वाचावं. पण रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेणारे बहुसंख्य लोक उद्योगात जातात. तिथे ती पदवी प्रयोगशाळेचं दार उघडते. हे मोहोपाडा-रसायनीच्या माणसांना वेगळं सांगायला नको.

नकोच, कारण रसायनीचं नावच त्या शास्त्रावरून पडलं आहे. शेजारचे काका म्हणतात, कंपनी होती तेव्हा केमिस्ट्रीला अर्थ होता. ती कंपनी, हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स, डिसेंबर 1960 मध्ये स्थापन झाली, तिच्या भोवती वसाहत झाली, मोहोपाड्याची बाजारपेठ तिच्या पगारावर वाढली. मे 2017 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचं युनिट बंद करायचा निर्णय घेतला. ज्या घरांनी तो आघात सोसला त्यांचं दुःख खोटं नाही. पण त्यातून 'शिकून काय उपयोग' हा धडा काढणं चुकीचं आहे.

कंपनीत काय बनत होतं ते आठवावं. अ‍ॅनिलिन, नायट्रोबेंझिन, नायट्रिक आम्ल. अमोनियापासून नायट्रिक आम्ल करण्याची रीत लाइपझिग विद्यापीठाच्या विल्हेल्म ओस्टवाल्ड यांची, 1902 च्या पेटंटची. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया मिळवता येतो हे फ्रिट्झ हाबर यांनी कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यालयात दाखवलं. अ‍ॅनिलिनचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारे ऑगस्ट विल्हेल्म होफमान हे गीसेनच्या युस्टुस लीबिग यांचे विद्यार्थी. आणि लीबिग 1824 मध्ये, एकविसाव्या वर्षी, गीसेनला प्राध्यापक झाले तेव्हा त्यांनी एक गोष्ट केली: विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत नेऊन त्यांच्याकडून संशोधन करवून घेतलं. आज जगभर रसायनशास्त्र असंच शिकवतात. पाताळगंगेच्या काठी तीन पिढ्यांनी ज्या प्रक्रियांवर संसार केले त्या अशा विद्यापीठांत जन्मल्या होत्या. रसायनीत त्या चालवायला माणसं तयार झाली, आणि ती उत्तम माणसं होती. पुढची प्रक्रिया शोधणारी माणसं मात्र तिथे पुरेशी घडली नाहीत, घडवण्याची सोयच झाली नाही. जुन्या तंत्रावर चालणारा कारखाना स्वस्त आयातीपुढे टिकत नाही.

मंत्रिमंडळाच्या त्याच निर्णयात एक अपवाद होता, तो या वादात निर्णायक आहे. सगळं बंद झालं, पण डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा विभाग चालू ठेवून इस्रोकडे द्यायचं ठरलं. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातल्या इंजिनाला तो ऑक्सिडायझर लागतो आणि देशात तो दुसरीकडे बनत नव्हता. जिथे रसायनशास्त्राची गाठ संशोधनाशी पडली होती, तेवढाच भाग वाचला. ज्या मुलांनी आपल्या वडिलांना त्या गेटवरून बाहेर येताना पाहिलं, त्यांना संशोधनापासून लांब राहायला सांगणं अन्यायाचं आहे.

मुलं गेली की परत येत नाहीत, हा शेवटचा आक्षेप. काही येत नाहीत. पदवीनंतर नोकरी शोधायला जर्मनी 18 महिने देतो, आणि तिथे कुशल माणसांची टंचाई आहे. इरावतीबाई आणि आघारकर परत आले कारण इथे त्यांना संस्था मिळाल्या किंवा त्यांनी त्या उभारल्या. आजच्या मुलांनी परतावं असं वाटत असेल तर तो प्रश्न आपल्या विद्यापीठांना आणि उद्योगांना विचारायला हवा. बावीस वर्षांच्या मुलीच्या अर्जावर तो ओझ्यासारखा ठेवू नये.

राहिली तयारी. पिल्लई एचओसीसारखं अभियांत्रिकी महाविद्यालय रसायनीतच आहे आणि लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ याच जिल्ह्यात. परिसरातल्या महाविद्यालयांनी पहिल्या वर्षापासून जर्मन भाषेचा वर्ग चालवला तर त्याचा खर्च एका साध्या प्रयोगशाळेपेक्षा कमी येईल. इंग्रजीतून मास्टर्स करता येतं, पण प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ, घरमालक आणि परदेशी नागरिकांचं कार्यालय जर्मन बोलतात, आणि एकटेपणाची निम्मी दुखणी भाषा न येण्याची असतात. तीन वर्षं हाताशी असताना बी-1 पातळी गाठणं कुठल्याही मेहनती मुलाला शक्य आहे.

पालकांना विनंती एवढीच. कन्सल्टन्सीला पैसे भरण्याआधी मुलीला स्वतः बसू द्या. आपलं विद्यापीठ अनाबिन या जर्मन सरकारी नोंदीत कुठल्या दर्जाने आहे ते ती पाहू शकते. तीन वर्षांची बीएस्सी पुष्कळ ठिकाणी चालते, पण विषयवार श्रेयांक जुळावे लागतात, तेही तिला तपासता येतं. शंका असेल तर विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला ती पत्र लिहू शकते. तिथे उत्तर देतात. अनेक विद्यापीठांचे अर्ज ज्या संस्थेमार्फत जातात ती पहिल्या अर्जाला 75 युरो आणि पुढच्या प्रत्येकाला 30 युरो घेते. मधल्या माणसाची गरज नसते. एपीएसला वेळ लागतो, तो अर्ज सगळ्यात आधी करावा. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं; बऱ्याच अभ्यासक्रमांची मुदत 15 जुलैला संपते, आणि मास्टर्सच्या काही अभ्यासक्रमांची त्याच्या कितीतरी आधी.